पाचवं वर्ष सरेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती आणि परत गेली तेव्हा सहा वर्षांची. मधली वर्षं माझी होती. कुणी विचारलं, तुम्हाला मूलबाळ काय, तर मी अजूनही उत्तर देण्याआधी जराशी अडखळते.

आम्ही रायपूरला गुढियारीत राहतो. माझा नवरा रेल्वेच्या माल-ऑफिसात नोकरीला आहे. आम्हा दोघांचीही घरं मूळची नागपूरकडची, आमचे वडील नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात आम्ही वऱ्हाडी बोलतो, दाराबाहेर हिंदी, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांशी अर्धी छत्तीसगढी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, औषधं झाली, मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघांनी न ठरवताच तो विषय सोडून दिला.

माझी बहीण आणि तिचा नवरा दोघंही शिक्षक. त्या वेळी त्यांची नेमणूक बस्तरात, कोंडागावच्याही आत, जंगलातल्या एका निवासी शाळेत होती. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. फोन करायचा तर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. तिथंच, भर श्रावणात, तिच्या मुलीला पहिल्यांदा झटका आला.

लहान मुलांना असं होतं. ताप भसकन चढतो, अंग ताठ होतं, डोळे वर जातात, हातपाय उडायला लागतात. आमची आई त्याला आकडी म्हणायची. बहिणीनं ते कधी पाहिलं नव्हतं. शाळेची जीप चिखलात रुतली, नाल्यापाशी अडली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत झटका कधीच थांबून गेला होता. पोरगी शांत झोपली होती. पण बहिणीच्या आत काहीतरी मोडलं ते मोडलंच.

पंधरवड्यानं ती बसनं रायपूरला आली. दारातच तिनं मुलगी माझ्या हातात दिली आणि चपला न काढता खुर्चीवर बसली.

"ताई, मले झोप येत नाई. तिच्या तोंडाकडंच पाहत बसते. जरा हालली की वाटते, आलं."

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, पुन्हा येऊ शकते. तिथं आला अन् नाला भरलेला असला त मी काय करू?" मग खाली बघत म्हणाली, "तू ठेवून घेशील का तिले? थोडे दिवस."

"विचारून काय राहिली," मी म्हटलं. "हात धू, जेव."

मुलगी माझ्या खांद्यावर होती. तिनं माझ्या मंगळसूत्राचे मणी मुठीत धरले होते आणि एकेक मणी चाचपत होती. मला आठवतं, मी तो पूर्ण वेळ मान न हलवता बसले होते.

बहीण गेल्यावर पहिले काही दिवस कठीण गेले. संध्याकाळ झाली की पोरगी दाराशी जाऊन उभी राही आणि ओठ बाहेर काढी. बहिणीनं आपली एक ओढणी ठेवली होती. ती नाकाशी धरून ती झोपायची. मी ती ओढणी धुवायची टाळत असे, आईचा वास जाईल म्हणून. मग एकदा तिच्यावर दूध सांडलं, धुवावीच लागली. त्या संध्याकाळी मी तिला वाळलेली ओढणी दिली. तिनं हुंगली, बाजूला ठेवली आणि माझ्या कुशीत शिरून झोपली. पुन्हा मागितली नाही. मला फार बरं वाटलं, आणि बहिणीचा चेहराही डोळ्यांसमोर आला.

आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीला मोठी आई म्हणतात. तिला दोन शब्द जड व्हायचे. तिनं मला मोठाई केलं, आणि माझ्या नवऱ्याला मोठबा.

थंडी सरता सरता तिला सर्दी झाली. दुपार होती. मी खिचडी कालवून वाटी घेऊन आले तर ती दिवाणावर पडून होती, डोळे तारवटलेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. औषध काढायला मी वळले, आणि मागून एक आवाज आला, घशात काही अडकल्यासारखा.

वळून पाहिलं तर माझी पोर माझी राहिलीच नव्हती. ताठ झालेली. डोळ्यांचं फक्त पांढरं दिसत होतं. मग हात उडायला लागले, पाय उडायला लागले, ओठांच्या कडेला फेस आला आणि ओठ जांभळे होत गेले. मी तिला उचललं आणि अंगणात धावले. मी काय ओरडत होते ते मला ठाऊक नाही.

शेजारच्या काकी धावत आल्या. जुन्या, मायाळू बाई, कांकेरकडच्या, पोरीला नोनी म्हणणाऱ्या.

"का होगे ओ? का होगे नोनी ला?" म्हणत त्यांनी तिला पाहिलं आणि आत जाऊन चमचा घेऊन आल्या. "दाँत मं दे, दाँत मं! जीभ कट जाही!"

दुसरीनं कांदा फोडून आणला, तिसरी म्हणाली चप्पल हुंगवा. दात इतके घट्ट होते की चमचा आत गेलाच नाही. समोरच्या ऑटोवाल्या भैयानं गाडी सुरू केली आणि मी पोरीला छातीशी धरून बसले. समता कॉलनीत मुलांच्या एक डॉक्टर होत्या, आधी लसीसाठी तिला तिथं नेलं होतं. गुढियारीहून तिकडे जायचं म्हणजे रेल्वेलाइनीखालच्या अंडरब्रिजमधून. त्या अंडरब्रिजच्या अंधारात तिचं अंग सैल पडलं. सगळं थांबलं. ती झोपली होती, पण मला ते कुठं माहीत! मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. गरम गरम श्वास बोटाला लागत होता, तरी माझा विश्वास बसत नव्हता.

डॉक्टरीण बाईंनी तिला तपासलं, कान पाहिले, घसा पाहिला, मानेखाली हात घालून मान वाकवून पाहिली. मग माझ्याकडे वळल्या.

"पहले आप बैठिए, मम्मी. पानी पीजिए. बच्ची ठीक है, बस सो रही है."

मुलांच्या दवाखान्यात सगळ्याच बायकांना मम्मी म्हणतात. मी बसले आणि मला रडू फुटलं.

"मिरगी है क्या?" मी विचारलं.

"नहीं. बुखार का झटका है. देखने में बहुत डरावना लगता है, पर ऐसे झटके से दिमाग़ को नुक़सान नहीं होता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते, घशात जात नाही. तोंडात काही घालायचं नाही. ना चमचा, ना बोट, ना पाणी, ना औषध. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. बहुतेक झटके थोड्याच वेळात आपले आपण थांबतात, पण पाच मिनिटं झाली तर नाकात मारायचा एक फवारा त्यांनी लिहून दिला, तो मारायचा आणि दवाखाना गाठायचा. थांबून पुन्हा आला किंवा नंतर मूल नीट जागं झालं नाही, तरीही आणायचं. मी विचारलं, तापाचं औषध वेळेवर दिलं तर येणार नाही ना? त्या म्हणाल्या, औषधानं तिला बरं वाटेल, झटका टळेलच असं नाही. म्हणून आला तर स्वतःला दोष देऊ नका.

तोवर ऑफिसातून माझा नवरा येऊन पोचला होता, घामानं निथळत. त्यानं विचारलं, "कब तक रहेगा ये, मॅडम?"

"पाँच साल की उमर तक. किसी किसी को छह. फिर अपने आप बंद हो जाता है."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुटलो, असं वाटलं. पोर आता दोनाची, राहिलेली तीन वर्षं हा हा म्हणता जातील.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. टाकीवरचा वारा फोनमध्ये भरभर वाजत होता. मी सगळं सांगितलं. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, "ताई, पाचवं वर्ष सरेपर्यंत राहू दे तिले तुझ्यापाशी. मग मी घेऊन जाईन. राहू देशील न?"

"हव," मी म्हटलं. "हव व, राहू दे."

त्या रविवारी माझ्या नवऱ्यानं पोरीची कापडी बाहुली घेतली आणि मला जमिनीवर बसवलं. तो असाच माणूस. कुठलीही गोष्ट हातानं केल्याशिवाय त्याला ती कळत नाही.

"हं, आला झटका. काय करशील?"

"खाली ठेवीन."

"ठेव मग. बोलू नको, करून दाखव."

मी बाहुली गादीवर ठेवली, कुशीवर वळवली, गळ्यापाशी कपडा सैल केला. त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं. मग तो बसला आणि मी विचारलं. असं आम्ही किती वेळा केलं असेल! पोरगी शेजारी बसून बघायची. तिला तो खेळच वाटला. पुढं ती स्वतः बाहुलीला कुशीवर निजवायची, पाठीवर थोपटायची आणि अगदी माझ्या आवाजात म्हणायची, "झालं बेटा, झालं. मी हाओ न."

काकींनी एकदा सुचवलं की गावाकडं एक बैगा आहे, मंत्र म्हणून फुंकर घालतो, नोनीला एकदा नेऊ या. मी म्हटलं, काकी, डॉक्टर म्हणतात ती आपोआप बरी होईल. त्या रुसल्या नाहीत. फक्त दर वेळी पोरीला ताप आला की येऊन तिच्या तळपायाशी बसायच्या.

ताप काही रोज येत नव्हता. खरं म्हणजे ती वर्षं आजारपणाची नव्हतीच. आठवायला बसले की मला दुसरंच आठवतं. मालगाडी गेली की ती गच्चीवर पळायची आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हात हलवायची. पंडरीच्या बाजारात मी तिच्या फ्रॉकसाठी कापड बघायला गेले की ती कापडाच्या गठ्ठ्यावरच झोपून जायची आणि दुकानदार म्हणायचा, राहू द्या दीदी, उठवू नका. विहारात वंदना चालू असताना ती हात जोडून बसायची आणि सगळे थांबल्यावर एकटीच एक ओळ पुढं म्हणायची. नवरा ऑफिसातून आला की आधी पाय धुवायचा, मग तळहात एकमेकांवर घासून गरम करायचा आणि तिच्या कपाळाला लावायचा. तिला ताप नसला तरी. ती कपाळ पुढं करूनच उभी असायची.

बहीण सुट्ट्यांमध्ये यायची. येताना चारोळी आणायची, तिकडच्या चिंचेचे गोळे आणायची. पहिल्या वर्षी पोरगी तिच्याकडं धावली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा पोरगी माझ्या मागं लपली आणि तिनं मला हळूच विचारलं, "ही फोनवाली आई हाये का?"

बहिणीनं ऐकलं. हसली. "हव, मीच फोनवाली आई," म्हणाली आणि पिशवीतून तिचा फ्रॉक काढला. फ्रॉक लहान झाला होता. तिच्या मनात मुलगी मागच्याच मापाची राहिली होती.

त्याच सुट्टीत पुन्हा ताप आला. दुपारची वेळ, कूलर चालू होता, बहीण तिच्या शेजारी बसून तिला गोष्ट सांगत होती. मी स्वयंपाकघरात होते. एकदम बहिणीची किंकाळी ऐकू आली.

मी धावले. पोरगी ताठ झाली होती आणि बहिणीनं तिचे दोन्ही हात गच्च दाबून धरले होते.

"सोड. हात सोड तिचे."

"ताई, ती मरून राहिली!"

"मरत नाई. सोड."

मी पोरीला कुशीवर वळवलं, उशी बाजूला केली, घड्याळाकडे पाहिलं. आणि बाहुलीशी करायची तसं पाठीशी हात ठेवून बोलत राहिले. तिला ऐकू येत नव्हतं, मला माहीत होतं. पण आपल्यालाही काही तरी आधार लागतो. झटका थांबला. श्वास नीट चालू लागला. ओठांवर लाली आली. ती झोपली.

बहीण भिंतीशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"तुले भेव नाई वाटलं?"

"वाटलं न. आताही वाटून राहिलं."

"मग कसं काय केलं तू?"

"भेव वाटलं तरी हात चालतात. पहिल्यांदा नाई चालत. मग चालतात."

तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ज्या पोरीले मी जन्म दिला, तिले कसं सांभाळायचं ते मले ठाऊक नाई. शिकव मले."

मी बाहुली आणली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, झोपलेल्या पोरीच्या बाजूला, आणि मी माझ्या बहिणीला शिकवलं. ती प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा करत होती. तिचे हात चुकत होते. मी ते धरून नीट केले. लहानपणी तिला अक्षरं गिरवायला मीच शिकवलं होतं, तेव्हाही असेच धरायचे. शिकवता शिकवता मला जाणवलं की मी तिला तिची मुलगी परत देते आहे. एकदम नव्हे, थोडी थोडी. आणि माझ्या हातांना ते जड जात होतं.

आमच्याकडचा तिसरा झटका आला तो दिवाळीच्या सुट्टीत. पोरगी चौथ्यात होती. त्या वेळी मी पुढं झालेच नाही. मी दारात उभी होते, हातात अनारशांचं पीठ. बहिणीनं तिला जमिनीवर घेतलं, कुशीवर वळवलं, गळ्याचं बटन काढलं, घड्याळ पाहिलं. एकही गोष्ट चुकली नाही. "झालं बेटा, झालं," ती म्हणत होती. बराच वेळ झोपून पोरगी जागी झाली. डोळे अर्धवट उघडून तिनं हाक मारली, "आई..."

"काय बेटा?" आम्ही दोघी एकदमच बोललो.

तिनं फक्त पाणी मागितलं. ती कुणाला हाक मारत होती, की मोठाईतला फक्त शेवटचाच तुकडा तिच्या ओठांवर आला होता, ते आम्हाला कधी कळलं नाही. बहिणीनं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी तो तिलाच परत दिला.

त्यानंतर झटका आला नाही.

तिला पाच पूर्ण झाली आणि पावसाळ्यात सणसणून ताप आला. मी तिच्या उशाशी बसले. फवारा हाताशी, घड्याळ समोर. दुपार गेली. तिला घाम सुटला, ताप उतरला, तिनं उठून भात मागितला. काहीच झालं नाही. थंडीत पुन्हा ताप आला, पुन्हा काही झालं नाही. डॉक्टरीण बाईंनी तिच्या गालाला चिमटा काढला. "हो गई बड़ी! अब इसको स्कूल भेजिए, मम्मी."

माझा नवरा त्या संध्याकाळी जिलेबी घेऊन आला. काकींना दिली, ऑटोवाल्या भैयाला दिली. मीही खाल्ली. किती विहार, किती देवळं मी मनातल्या मनात पालथी घातली होती या एका गोष्टीसाठी! पोर बरी झाली होती. मी खरोखर आनंदात होते. फक्त नवरा दुसरी जिलेबी वाढायला आला तेव्हा मी ताटलीवर हात आडवा धरला.

पुढच्या उन्हाळ्यात बहीण आणि तिच्या नवऱ्याची बदली जगदलपूरला झाली. शहर, रस्ते, मोठा दवाखाना, चांगली शाळा. बहिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज घाबरल्यासारखा होता.

"ताई, जूनमध्ये तिची पहिली सुरू होते."

"हव न," मी म्हटलं.

"तू म्हणशील त..." ती थांबली.

मला ठाऊक होतं ती काय म्हणणार होती. आणि मी एक शब्द जरी बोलले असते तर तिनं तो मानला असता, हेही ठाऊक होतं.

"शाळेचे कपडे मी पंडरीहून शिवून पाठवते," मी म्हटलं. "तिकडं महाग पडन."

ती गेली त्या सकाळी बस स्टँडवर गर्दी होती. माझा नवरा आला नाही, ऑफिसात काम आहे म्हणाला. पोरगी नव्या बॅगेवर खूश होती. तिला खिडकी हवी होती, ती मिळाली. तिला वाटत होतं आपण फिरायला चाललो आहोत, सुट्टी संपली की परत येऊ. मी तिला काही समजावलं नाही, ते काम तिच्या आईचं. बस हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडली, "मोठाई, बाहुलीले जेवू घालजो!" बहीण माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. ती पोरीला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मी घरी आले. नवरा घरातच होता. ऑफिसला गेलाच नव्हता. हातपाय धुऊन खुर्चीवर बसला होता आणि तळहात एकमेकांवर घासत होता.

आम्ही काही उदास होऊन बसलो नाही. माणसं जगतातच. पण कितीतरी महिने मला शेजारच्या घरातला चमचा वाजला तरी ती जागी झाली असं वाटायचं. बाजारात कुणाचं पोर कडेवर पेंगताना दिसलं की माझा हात उगाच त्याच्या कपाळाकडं जायचा आणि मी तो मागे घ्यायची. तापाचं मला वेडच लागलं म्हणा. आपल्या पोटच्या पोराला ताप नको म्हणून बायका हात जोडतात. मला त्या तापाची दुपार आठवायची, कूलरचा आवाज, तिचं ऊन ऊन डोकं माझ्या मांडीवर, आणि सगळ्या जगात तिला माझ्याशिवाय कुणी नाही असा तो वेळ. ताप नको होता. ती मांडीवरची दुपार हवी होती.

बहिणीनं तिला छान वाढवलं. आता ती अकरा वर्षांची आहे. उंच झाली आहे, चष्मा लागला आहे, बस्तरातली हलबी गाणी म्हणते, आणि माझ्या वऱ्हाडीला हिंदीत उत्तर देते. फोनवर मी विचारते, "काय करून राहिली माय?" ती म्हणते, "कुछ नहीं मोठाई, होमवर्क." मोठाई मात्र राहिलं आहे.

या उन्हाळ्यात ती काही दिवस एकटी आमच्याकडं आली. पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. उन्हात गच्चीवर खेळली होती, आइसक्रीम खाल्लं होतं. साधाच ताप. मी तिला औषध दिलं, पाणी पाजलं, पडदा ओढला आणि खुर्ची पलंगाशी घेऊन बसले. ती मोबाइल बघत होती. थोड्या वेळानं तिनं तो खाली ठेवला.

"मोठाई, आप ऐसे क्यों देख रही हो?"

"कसं?"

"जैसे मुझे कुछ होने वाला है."

मी हसले. म्हटलं, लहानपणी तुला तापात झटके यायचे. तुला माहीत आहे ना?

"मम्मी ने बताया था. पर मुझे कुछ याद नहीं."

"नाईच आठवत. कोणालेच नाई आठवत."

"सच में नीली हो गई थी मैं?"

"ओठ झाले होते."

"आप रोई थी?"

"नंतर."

तिनं चष्मा काढून ठेवला. मग उशी सरकवून डोकं माझ्याकडं आणलं. "और बताओ. झटके वाला नहीं, बाकी का."

"बाकीचं काय?"

"मैं क्या खाती थी, क्या बोलती थी. कैसी थी मैं यहाँ?"

इतकी वर्षं मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागले. आंब्याची कोय ती वाळवून उशीखाली ठेवायची. चिमणीला ती चिमणीबाई म्हणायची आणि कावळ्याला कावळासर. पावसात गाय भिजते म्हणून तिनं माझी चांगली साडी अंगणात नेली होती. ती हसत होती, मध्येच विचारत होती, "फिर? फिर आपने क्या किया?" तिला एकही गोष्ट आठवत नव्हती. माझ्याकडून ती स्वतःबद्दल ऐकत होती, एखाद्या ओळखीच्या मुलीबद्दल ऐकावं तशी. मी बोलता बोलता हात तिच्या कपाळाला लावला. अंग ओलसर झालं होतं. ताप उतरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा व्हिडिओ कॉल. पोरीनं नाव पाहिलं आणि म्हणाली, "बाद में उठाती हूँ. मोठाई, आप बोलो न."

"नाई बेटा," मी म्हटलं. "घे आधी. आई तिकडं काळजी करून राहिली असन."

मी फोन तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला उठले. आतून तिचा आवाज येत होता, "हाँ मम्मी, बुखार उतर गया... मोठाई बता रही थी, मैं गाय को साड़ी ओढ़ा रही थी!" मग दोघी हसायला लागल्या. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले.